बीकॉमनंतर सेल्स: ८ लाखांचा पीजीडीएम करावा की आधी नोकरी धरावी? (फोंडा, गोवा)

फोंडा_बीकॉम यांचा प्रश्न

नमस्कार. बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला शिकतेय. पुढे सेल्समध्येच जायचं हे ठरलेलं आहे, त्यामुळे 'बँकेच्या परीक्षा दे' असा सल्ला नको. समोर तीन वाटा आहेत.

पहिली, पुण्यातल्या एका खासगी संस्थेचा दोन वर्षांचा पीजीडीएम (व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका), सेल्स आणि मार्केटिंग. दोन वर्षांची फी ८ लाख. हॉस्टेल आणि मेस वेगळं, वर्षाला साधारण १.३ लाख. प्रवेशाचं पत्र आलंय, पहिला हप्ता तीन आठवड्यांत भरायचा आहे. माहितीपत्रकावर 'शंभर टक्के प्लेसमेंट' आणि 'सरासरी पॅकेज ६.५ लाख' असं छापलंय.

दुसरी, बिस्किटं, साबण, शाम्पू विकणाऱ्या एका कंपनीची फोंडा-शिरोडा-सावर्डे भागातली नोकरी. हातात २१,०००, इन्सेंटिव्ह वेगळा. पण नेमणूक कंपनीच्या नाही, मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीच्या नावावर.

तिसरी, गोवा विद्यापीठाचा एमबीए, म्हणजे ताळगावच्या पठारावरचं गोवा बिझनेस स्कूल. त्यासाठी प्रवेश परीक्षा द्यावी लागेल आणि एक वर्ष थांबावं लागेल.

घरचे कर्ज काढायला तयार आहेत, ११ टक्क्यांच्या आसपास व्याज सांगितलंय. मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. आठ लाख वसूल व्हायला किती वर्षं लागतील? सेल्समध्ये पदवी नेमकी कुठे उपयोगी पडते? आणि गोव्यात राहून यात वर चढता येतं का?

हिशेब_आधी

आधी आकडे मांडू, मत नंतर.

८ लाख फी दोन हप्त्यांत जाते: पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी ४. शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारणपणे कोर्स संपल्यावर एक वर्षाने सुरू होतो, पण व्याज पैसे उचलल्या दिवसापासून चढतं. पहिल्या ४ लाखांवर तीन वर्षांचं सरळव्याज ११ टक्क्यांनी १.३२ लाख, दुसऱ्या ४ लाखांवर दोन वर्षांचं ८८ हजार. म्हणजे हप्ता सुरू होईल तेव्हा मुद्दल ८ नाही, १०.२ लाख झालेली असते. सात वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता सुमारे १७,४६५ रुपये. एकूण फेड १४.६७ लाख.

इथे एक गोष्ट घरच्यांना नक्की सांग. कोर्स चालू असतानाच व्याज भरत गेलात, पहिल्या वर्षी महिन्याला ३,६६७ आणि त्यानंतर ७,३३३, तर मुद्दल ८ लाखांवरच राहते आणि हप्ता १३,७०० च्या आसपास येतो. सगळं मिळून सुमारे ९६ हजार वाचतात. कर्ज मंजूर करताना बँक हा पर्याय आपणहून समजावून सांगेलच असं नाही, अर्ज करतानाच विचारायचं.

आता खरा खर्च. फेड १४.६७ लाख, हॉस्टेल-मेस २.६ लाख, आणि हातातली नोकरी सोडल्यामुळे बुडणारा पगार: २१,००० गुणिले २४, म्हणजे ५.०४ लाख. बेरीज २२.३ लाख. माहितीपत्रकातले ८ लाख प्रत्यक्षात एवढे होतात.

दुसरी बाजू ६.५ लाखांच्या पॅकेजची. सेल्सच्या पॅकेजमध्ये व्हेरिएबल असतंच. ते २० टक्के धरू, म्हणजे १.३ लाख टार्गेट झालं तरच. बेसिक निम्मं धरलं तर ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्क्यांनी १५,६००. कंपनीचा पीएफ, १५,००० च्या मर्यादेवर, वर्षाला २१,६००. विम्याचा हप्ता ८,००० धरू. हे सगळं पॅकेजमध्ये मोजलेलं असतं, पण हातात येत नाही. त्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ आणखी २१,६०० वजा. उरतात महिन्याला सुमारे ३७,७५०. त्यातून १७,४६५ चा हप्ता गेला की २०,३०० राहिले. म्हणजे आज दारात असलेल्या नोकरीपेक्षा थोडे कमीच, आणि बहुधा परगावी घरभाडं भरून. व्हेरिएबल मिळालं तर चित्र सुधारतं, पण हप्ता व्हेरिएबलच्या भरवशावर ठेवायचा नसतो.

वसुलीचं गणित असं. दोन वर्षांनी नोकरीतल्या माणसाचा हातातला पगार २६,००० झाला असं धर. फरक ११,७५० महिना, वर्षाला १.४१ लाख. फरक तेवढाच राहिला तर २२.३ लाख भरून यायला पंधरा वर्षांच्या वर लागतात. फरक दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढत गेला तर नऊच्या आसपास. वाढतो का, हे कोणत्या पदावर घेतात त्यावर ठरतं, आणि त्यावर इतर लोक माझ्यापेक्षा नीट सांगतील.

हाच हिशेब विद्यापीठाच्या एमबीएला लाव. फीचा चालू आकडा प्रवेश पुस्तिकेतून घे. फोंड्याहून कदंबाच्या बसने रोज ये-जा धरून सगळा खर्च समजा २.५ लाख झाला, तर बुडालेल्या पगारासकट ७.५ लाख होतात. त्याच १.४१ लाखाच्या फरकाने साडेपाच वर्षांच्या आत वसूल. पगार पुण्याच्या संस्थेपेक्षा थोडा कमी लागला तरी हे गणित फारसं बिघडत नाही, कारण डोक्यावर हप्ता नसतो. आणि परीक्षेपर्यंतचं वर्ष वाया जात नाही, त्या वर्षात नोकरी करता येते.

आणखी दोन गोष्टी. 'शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात सवलत मिळते, त्यामुळे कर्ज स्वस्त पडतं' असं कुणी सांगेल. ती सवलत जुन्या करपद्धतीतच आहे, आणि या पगारावर नव्या पद्धतीत करच लागत नाही. तेव्हा हिशेबात ती शून्य धरायची. उलट गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना आहे, तिकडे लक्ष दे. गोव्यातल्या रहिवासाची अट आहे. कमाल रक्कम आणि मुदत चालू वर्षाच्या नोटिशीत पाहा, आणि पुण्याचा हा कोर्स तिच्यात बसतो का ते आधी विचारून घे. तिथून अर्धी रक्कम आली तरी वरचा सगळा तक्ता बदलतो.

बीट_प्लॅन

वरचं गणित बरोबर आहे. पण सेल्समध्ये पदवीची किंमत पगाराच्या आकड्यापेक्षा शिडीच्या पायरीवर ठरते. एफएमसीजीत, म्हणजे साबण-बिस्किटांसारखा रोज खपणारा माल विकणाऱ्या कंपन्यांत, पायऱ्या साधारण अशा: डिस्ट्रिब्युटरचा सेल्समन, मग एजन्सीच्या पगारावरचा सेल्स ऑफिसर, मग कंपनीच्या स्वतःच्या पगारपत्रकावरचा टेरिटरी सेल्स ऑफिसर, पुढे एरिया मॅनेजर, त्यावर रीजनल. मोठ्या नावाच्या कॅम्पसमधून घेतलेली मुलं मॅनेजमेंट ट्रेनी म्हणून येतात आणि वर्ष-दीड वर्षात थेट एरिया मॅनेजर होतात. तिथे पदवीने तीन-चार पायऱ्या वाचवल्या, तिथे वीस लाखसुद्धा वसूल होतात. उत्तर गोव्यातल्या साखळी शहराजवळच्या गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटला कॅट किंवा झॅट या प्रवेश परीक्षांच्या गुणांवर प्रवेश मिळतो. तिथली फी वीस लाखांच्या घरातली आहे आणि तिथे येणाऱ्या कंपन्यांनी कोणत्या पदावर माणसं घेतली हे त्यांच्या प्लेसमेंट अहवालात वाचता येतं.

मधल्या दर्जाच्या कॅम्पसमधून मात्र बहुतेक मुलं टेरिटरी सेल्स ऑफिसर म्हणून लागतात. आणि त्याच पदावर दोन-तीन वर्षं बाजारात काढलेला बीकॉमसुद्धा पोचतो. तिथे पदवीने एकच पायरी वाचवली, फार तर दीड. तुझ्या पुण्याच्या संस्थेला विचारायचा पहिला प्रश्न हाच: गेल्या वर्षी एफएमसीजीत किती जण लागले आणि नेमणुकीच्या पत्रावर पद काय होतं?

आता गोव्याचं. इथली बाजारपेठ लहान आहे. बऱ्याच कंपन्यांचा अख्खा गोवा एक-दोन सेल्स ऑफिसर सांभाळतात आणि त्यांचा एरिया मॅनेजर कोल्हापूर, हुबळी किंवा पुण्याला बसतो. म्हणून गोव्यात राहून सेल्स ऑफिसर होता येतं, चांगलाही होता येतं. त्यावर चढायचं तर बदली घ्यावी लागते. पदवी घेऊनही घरी फोंड्यालाच राहायचं असेल तर पदवीचा अर्ध्याहून जास्त फायदा तिथेच सुटतो. आठ लाख भरण्याआधी घरात हा विषय काढा.

वर्गात मार्केटिंगच्या चार 'पी' शिकवतात, ब्रँडच्या केस स्टडी होतात. टेरिटरीच्या मुलाखतीत विचारतात डिस्ट्रिब्युटरचा आरओआय, म्हणजे गुंतवलेल्या पैशावरचा परतावा. उदाहरण देतो, हे पाठ न करता समजून घे. डिस्ट्रिब्युटरची महिन्याची विक्री २० लाख, मार्जिन ५ टक्के, म्हणजे १ लाख. खर्च: तीन सेल्समन प्रत्येकी १५,०००, टेम्पो आणि ड्रायव्हर २०,०००, गोदाम ८,०००, एकूण ७३,०००. हातात राहिले २७,०००. त्याचा पैसा कुठे अडकलाय? गोदामातला माल १० लाख, दुकानदारांकडची उधारी ६ लाख, कंपनीकडे अडकलेले क्लेम, म्हणजे कंपनीकडून परत यायची रक्कम, १ लाख. एकूण १७ लाख. २७ हजारांना १७ लाखांनी भाग, महिन्याला १.६ टक्के, वर्षाला १९ टक्के. आता माल १० ऐवजी १६ लाखांचा झाला तर? गुंतवणूक २३ लाख, आरओआय वर्षाला १४ टक्के. तो माणूस फोन उचलणं बंद करतो.

माल १६ लाखांचा का होतो, तर महिनाअखेरीस टार्गेट भरायला सेल्स ऑफिसर प्रायमरी ठोकतो, म्हणजे कंपनीचा माल डिस्ट्रिब्युटरच्या गोदामात ढकलतो. दुकानात जाणारी सेकंडरी तेवढीच राहते. पुढच्या महिन्यात ऑर्डर निघत नाही, मग पुन्हा ढकलणं. तिसऱ्या महिन्यात बिस्किटांच्या तारखा जवळ येतात, एक्स्पायरीचे क्लेम अडकतात, आणि डिस्ट्रिब्युटर राजीनामा देतो. नव्या सेल्स ऑफिसरची नोकरी बऱ्याचदा याच कारणाने जाते. नोकरीच्या पहिल्या वर्षात हे आवरायला शिकलीस तर ती शिकवणी कुठल्याही अभ्यासक्रमाइतकी मोलाची आहे.

गोव्यात त्यात हंगामाची भर. कळंगुट-बागा पट्ट्यात ऑक्टोबरपासून माल उचलतो. किनाऱ्यावरचे शॅक बंद झाले की जून ते सप्टेंबर तिथला सेल खाली येतो. तुझ्या फोंडा-शिरोडा-सावर्डे भागात वर्षभर किराणा दुकानं आणि गाडे यांचाच धंदा, उसळी चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी. मुंबईत बसून टार्गेट पाडणारा माणूस सगळ्या महिन्यांना सारखं टार्गेट लावतो. म्हणून नेमणूक स्वीकारण्याआधी त्या टेरिटरीचे गेल्या बारा महिन्यांचे सेकंडरीचे आकडे माग. आकडे देत नाहीत तिथे इन्सेंटिव्ह कागदावरच राहतो असं समज.

एजन्सीच्या पगारपत्रकाबद्दल. वाईट म्हणून सोडायचं कारण नाही, शिडीची ती नेहमीची पायरी आहे. पण तीन गोष्टी कागदावर पाहिजेत. पीएफ आणि यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) पहिल्या महिन्यापासून. दुसरं, हातात २१,००० म्हणजे ठोक पगार २१,००० च्या वर, म्हणजे बहुधा ईएसआयसीच्या (कामगारांच्या सरकारी विमा योजनेच्या) मर्यादेबाहेर. मग ग्रुप मेडिक्लेम आणि अपघात विमा आहे का? दुचाकीवर फिरण्याची नोकरी आहे, हा मुद्दा सोडू नकोस. तिसरं, प्रवासखर्च. दिवसाला ६० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, १,५०० किलोमीटर. स्कूटर लिटरला ४५ देते, म्हणजे ३३ लिटर, लिटर शंभरच्या आसपास धरलं तर ३,३०० रुपये पेट्रोल. टायर, ऑइल, सर्व्हिसिंगचे महिन्याला हजार पकड. कंपनी ठोक २,००० देत असेल तर खिशातून २,३०० जातात, आणि तुझा २१,००० चा पगार खरं तर १८,७०० आहे. किलोमीटरप्रमाणे देत असतील तर दर विचार.

प्लेसमेंट_वाचक

संस्था तपासण्याबद्दल लिहिते, कारण तीन आठवड्यांची मुदत आहे.

पीजीडीएम ही विद्यापीठाची पदवी नव्हे, एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने) मान्यता दिलेल्या स्वायत्त संस्थेची पदविका आहे. खासगी सेल्सच्या नोकरीत यामुळे काही अडत नाही. पुढे पीएचडी किंवा काही सरकारी पदांसाठी एमबीएशी समकक्षता लागते, ती एआययू (भारतीय विद्यापीठांचा संघ) देते आणि त्यासाठी कोर्सला एनबीए या मूल्यांकन मंडळाचं मूल्यांकन लागतं. तेव्हा एआयसीटीईच्या संकेतस्थळावर चालू वर्षाच्या यादीत संस्थेचं नाव, कोर्सचं नेमकं नाव आणि जागांची संख्या हे तिन्ही जुळवून पाहा. संस्थेला मान्यता आहे पण हा विशिष्ट कोर्स यादीत नाही, असंही निघतं.

महाराष्ट्रातल्या खासगी कॉलेजांच्या एमबीए-एमएमएसची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. पीजीडीएमची फी संस्था स्वतः ठरवते. म्हणून पुण्यात दोन शेजारच्या इमारतींत फीमध्ये दुपटीचा फरक दिसतो. महाराष्ट्राची एमबीए सीईटी गोव्याच्या मुलांनाही देता येते, पण तू 'ऑल इंडिया' उमेदवार धरली जाशील; त्या जागा १५ टक्क्यांपर्यंत असतात, तेव्हा गुण जास्त लागतात. विद्यापीठासाठी थांबणारच असशील तर त्याच वर्षात हीसुद्धा दे.

'सरासरी पॅकेज' हा आकडा बाजूला ठेव. साठ मुलांच्या वर्गात दोघांना १८ लाख मिळाले की सरासरी वर जाते. मध्यक माग: सगळे पगार उतरत्या क्रमाने लावल्यावर मधल्या मुलाचा पगार किती? आणि 'शंभर टक्के' कशाचे? बऱ्याचदा प्लेसमेंटला 'पात्र' ठरलेल्यांचे. ७५ टक्के हजेरी, बॅकलॉग नाही, एक ऑफर नाकारली की यादीतून बाहेर, असे नियम लावून साठातले पंचेचाळीस पात्र उरतात. माझ्या मते एवढंच मागावं: एकूण प्रवेश किती, पात्र किती, लागलेले किती, मध्यक किती, आणि कंपनीनिहाय पदाचं नाव. ईमेलने मागायचं, फोनवर नाही. नीट चाललेली संस्था हे दोन दिवसांत पाठवते.

त्या यादीत विमा, ऑनलाइन कोर्स विकणाऱ्या कंपन्या आणि बँकेच्या बचत खात्यांच्या सेल्सची पदं किती आहेत ते मोज. ही कामं कमी दर्जाची नाहीत, पण त्यांना आठ लाखांचा कोर्स लागत नाही. विमा एजंटची परीक्षा दहावीवर देता येते. म्युच्युअल फंड वितरकासाठी एनआयएसएम या रोखे बाजाराच्या प्रशिक्षण संस्थेची सिरीज पाच-ए परीक्षा आहे: १०० प्रश्न, दोन तास, ५० टक्क्यांना उत्तीर्ण, फी १,५०० रुपये अधिक कर, प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. ती उत्तीर्ण होऊन एएमएफआय या फंड कंपन्यांच्या संघटनेकडून एआरएन (वितरकाचा नोंदणी) क्रमांक घेतला की काम सुरू. बीकॉमवाल्याला एका महिन्याचा अभ्यास पुरतो. यादीतली निम्मी पदं अशी असतील तर त्या संस्थेचा प्रश्न तिथेच संपला.

पहिला हप्ता भरण्याचा दबाव असेल तर एआयसीटीईचा नियम लक्षात ठेव: कोर्स सुरू होण्याआधी प्रवेश रद्द केला तर प्रक्रिया शुल्काचे जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकी फी परत द्यावी लागते, आणि मूळ प्रमाणपत्रं संस्थेला अडकवून ठेवता येत नाहीत. तरी पैसे परत यायला महिने लागू शकतात, म्हणून कर्जाचा पहिला हप्ता उचलून भरण्यापेक्षा मुदतीत लेखी उत्तरं मिळवणं बरं.

फोंडा_बीकॉम

सगळ्यांचे मनापासून आभार. संस्थेला आजच ईमेल केला, पाचही आकडे मागितलेत. दोन प्रश्न राहिले. नोकरी करत इग्नूचा एमबीए केला तर कंपन्या तो धरतात का? आणि मुलीने फील्डवर फिरणं, त्यातल्या व्यवहाराच्या अडचणी कोणत्या? घरी यावरच चर्चा अडली आहे. हॉटेलच्या सेल्सबद्दलही कुणीतरी सुचवलंय.

हिशेब_आधी

इग्नूबद्दल. एमबीए मार्केटिंग मॅनेजमेंट आहे, चार सत्रं, किमान दोन वर्षं, कमाल चार. एकूण फी साठ-सत्तर हजारांच्या आसपास, म्हणजे कर्ज लागतच नाही. प्रवेश जानेवारी आणि जुलै. यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की मान्यताप्राप्त दूरशिक्षण आणि ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे.

कंपन्या धरतात, पण कशासाठी ते समजून घे. यात कॅम्पस प्लेसमेंट नसतं, तेव्हा पहिली नोकरी ही पदवी मिळवून देत नाही. एजन्सीच्या पगारावरून कंपनीच्या पगारावर घेताना, किंवा पुढे एरिया मॅनेजरच्या जागेसाठी 'एमबीए आवश्यक' असं लिहिलेलं असतं, ती चौकट ती भरते. अनुभवाला जोडूनच तिला किंमत.

अडखळतं कुठे, तर सत्राच्या शेवटच्या परीक्षा जून आणि डिसेंबरला असतात. जूनला तिमाही संपते आणि डिसेंबर गोव्यात ऐन हंगामाचा. असाइनमेंट वेळेत गेल्या नाहीत तर तो विषय पुरा होत नाही. सगळे विषय एकाच सत्रात उरकायचा हट्ट धरू नकोस, तीन वर्षांत कर. मी तुझ्या जागी हीच वाट पहिली धरीन, आणि विद्यापीठाची परीक्षा सोबत देऊन ठेवीन.

मडगाव_होरेका

फील्डवरच्या गोष्टी मोकळेपणाने लिहिते, घरी वाचून दाखव.

पहिली अडचण स्वच्छतागृह. बीटवर, म्हणजे रोजच्या ठरलेल्या फेरीत, दिवसाला ३५-४० दुकानं होतात आणि किराणा दुकानात सोय नसते. म्हणून बीट आखताना मधल्या टप्प्यावर पेट्रोल पंप, हॉटेल किंवा डिस्ट्रिब्युटरचं ऑफिस येईल असा मार्ग धरायचा. सेल्स ऑफिसर स्वतःचा मार्ग थोडाफार हलवू शकते. दुसरी, वेळ. सेल्समनबरोबर सकाळी साडेनऊला सुरुवात केली की दुकानं दुपारी बंद व्हायच्या आत पंचवीस होतात. फोंड्याबाहेरच्या गावांत दुपारी एक ते चार शटर खाली असतात, त्या वेळेत क्लेमचे कागद आणि डिस्ट्रिब्युटरचा स्टॉक मोजायचा. संध्याकाळच्या फेरीसाठी घराजवळचा भाग ठेवायचा, सावर्ड्याच्या टोकाचा सकाळी. तिसरी, वसुली. रोख रक्कम स्वतःकडे घ्यायची नाही. उधारी डिस्ट्रिब्युटरच्या माणसाने किंवा यूपीआयने त्याच्या खात्यातच. हा नियम बाईमाणसासाठीच आहे असं नाही, रोख हाताळणारा सेल्स ऑफिसर कधी ना कधी अडचणीत येतोच.

चौथं, मुलाखतीत विचार की टीममध्ये आणखी मुली आहेत का आणि अंतर्गत तक्रार समितीत कोण आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेला २०१३ च्या कायद्याने ही समिती नेमावी लागते. एजन्सीच्या पगारावर असलीस तरी कामाच्या ठिकाणी तुला ते संरक्षण आहे.

आता हॉटेल सेल्स. गोव्यात राहून वर चढायचं असेल तर माझ्या मते हेच क्षेत्र पाहावं, कारण इथे निर्णय घेणारा सेल्स डायरेक्टर गोव्यातच बसतो. पर्वरीच्या आयएचएमची (हॉटेल मॅनेजमेंट संस्थेची) मुलं प्राधान्याने घेतात, पण सेल्स को-ऑर्डिनेटर म्हणून बीकॉमही लागतात. ट्रॅव्हल एजंटांचे करार, लग्नं, कॉर्पोरेट ग्रुप असं काम. कोकणी, हिंदी आणि बरं इंग्रजी लागतं. इथे तुझं वाणिज्य कामाला येतं, कारण चुका दरपत्रकात होतात.

एकच उदाहरण. खोलीचा दर दिवसाला ७,५०० पर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, दर त्याहून जास्त असेल तर १८ टक्के. लग्नाच्या ग्रुपला ७,५०० चा दर दिला तर पाहुण्याला पडतात ७,८७५. कुणी 'शंभरच तर वाढवू' म्हणून ७,६०० केले की पडतात ८,९६८. हॉटेलला शंभर जास्त मिळाले, ग्राहकाचं बिल खोलीमागे १,०९३ ने चढलं. चाळीस खोल्या, दोन रात्री, म्हणजे ८७ हजारांहून जास्त. कोट 'कर वेगळा' म्हणून गेलेला असतो, भांडण चेकआउटच्या दिवशी होतं, आणि लग्नाच्या घरचे लोक तिथे मान्य करत नाहीत. कोट पाठवतानाच करासकट अंतिम रक्कम लिहायची, आणि २० डिसेंबर ते ५ जानेवारीचे दर वेगळ्या ओळीत.

या क्षेत्रात भरती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होते, हंगामाच्या तयारीला. त्यामुळे निकाल लागल्यावर तुला वेळ आहे. तोवर एजन्सीवाली नोकरी घेतलीस तर नेमणुकीच्या पत्रातली नोटीसची मुदत वाच; तीस दिवसांच्या वर असेल तर सही करण्याआधी कमी करून माग, आणि नोकरी सोडताना अनुभवाचं पत्र देऊ असं ईमेलवर लिहून घे. त्या पत्रावर एजन्सीबरोबर कंपनीचं नाव आणि टेरिटरी आली पाहिजे, नाहीतर पुढच्या मुलाखतीत तू कुणाचा माल विकत होतीस हे सिद्ध करायला कागद उरत नाही.